वेलींच्या सावलीत परकं ताट

नाशिकच्या वायनरीत आज चांगली वाइन मिळते. पंचवीस वर्षांपूर्वी हे वाक्य लिहायला कुणी धजावलं नसतं. चांगलं जेवण मात्र मिळत नाही, आणि जे मिळतं ते नाशिकचं नसतं. पिझ्झा, पास्ता, नाचोज, चिली पनीर, कुठूनतरी गोठवून आलेले कटलेट. समोर वेलींच्या रांगा, मागे डोंगर, हातात त्याच मातीतल्या द्राक्षाची वाइन, आणि ताटात मात्र मुंबईतल्या कुठल्याही मॉलच्या वरच्या मजल्यावर मिळेल ते. काही जागा याला अपवाद आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ते केवळ एका दुपारी जेवण बिघडलं म्हणून नाही. तरी सुरुवात त्या दुपारपासूनच करते, कारण तिथे जे दिसलं त्यामुळेच पुढची चौकशी करावीशी वाटली.

फेब्रुवारीतला शनिवार होता. तोडणीचा ऐन हंगाम. बरोबर माझे मामा होते. मामा निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. सगळी हयात थॉमसन सीडलेस या खाण्याच्या द्राक्षात गेली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधल्या काळात डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती, आणि माल तयार झाला की अवकाळीची. २००० नंतरच्या दशकात वाइनच्या द्राक्षांची हवा होती, तेव्हा मामांनीही दोन एकर शिनन ब्लां लावली होती. करार होता, भाव ठरलेला होता, व्यापाऱ्याच्या मागे फिरायला नको म्हणून माणूस सुखावला होता. मग २००८-०९च्या मंदीत वाइनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि कंपन्या माल उचलेनात. जिल्ह्यातल्या अनेकांनी त्या काळात वाइनच्या बागा उपटल्या. मामांनीही उपटल्या आणि पुन्हा थॉमसन लावली.

एवढं सगळं होऊनही मामा कधी वायनरीत जेवले नव्हते. माल घालायला मागच्या फाटकाने जायचं, वजन करायचं, साखर मोजून घ्यायची आणि परत. पुढच्या दाराने पाहुणा म्हणून त्यांना न्यायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मामांच्या घरात कधी बाटली आलेली नाही, पण आपण लावलेल्या द्राक्षाचं पुढे काय होतं ते एकदा चाखून बघायचं कुतूहल त्यांना होतं. जागेचं नाव मी लिहीत नाही. जे तिथे पाहिलं ते कमी-अधिक प्रमाणात बऱ्याच ठिकाणी दिसतं, आणि एकाच जागेवर बोट ठेवून हा विषय मिटणारा नाही.

गच्चीवर टेबल मिळालं. खाली पिकअप येत होत्या, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये द्राक्षं उतरत होती. मामा खुर्चीत बसल्यावरही तिकडेच बघत होते. घड सुटसुटीत आहेत, मणी दबलेले नाहीत, पहाटे तोडलेला माल दिसतो, असं ते स्वतःशी बोलल्यासारखं सांगत होते. वाइनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात. ऊन चढलं की मण्यातला रस तापतो आणि वास उडायला लागतो. ही काळजी शेतापासून टाकीपर्यंत घेतली जाते. पांढऱ्या वाइनचा रस आंबवताना टाकी साधारण बारा ते अठरा अंशांत ठेवावी लागते. नाशिकच्या हवेत त्यासाठी यंत्रणा चोवीस तास चालवावी लागते, आणि विजेचा खर्च मोठा असतो. पुढे जे झालं ते समजून घ्यायला हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मेनू आला. पानंच्या पानं इटली, मेक्सिको, चीन आणि पंजाब. शेवटच्या पानावर खाली ‘महाराष्ट्रीयन थाळी’ अशी एक ओळ. मामांसाठी ती मागवली, माझ्यासाठी मशरूम रिसोटो, आणि सुरुवातीला चीजचं ताट. मामांना शिनन ब्लां, मला शिराझ.

चीजच्या ताटात प्रोसेस्ड चीजचे चौकोनी तुकडे होते, पाकिटातली बिस्किटं होती, बरणीतले ऑलिव्ह होते. द्राक्ष नव्हतं. एकही नाही. फेब्रुवारी महिना, नाशिक जिल्हा, गच्चीखाली क्रेटमागून क्रेट उतरत होते, आणि ताटात द्राक्षाचा मणी नाही की मनुका नाही. मामा काही बोलले नाहीत. वाढायला आलेला मुलगा उत्तराखंडचा होता. मन लावून काम करत होता, वाइनची माहिती पाठ करून नीट सांगत होता. ताटात द्राक्षं का नाहीत असं मी विचारलं तेव्हा तो गोंधळला. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, असं म्हणाला. आत जाऊन आला आणि सांगितलं, किचनला द्राक्षं येत नाहीत. ती वायनरीची असतात.

या एका उत्तरात बरंच काही आहे. त्या जागी वायनरी आणि स्वयंपाकघर एकाच कुंपणात आहेत, पण त्यांचा एकमेकांशी व्यवहार नाही.

शिराझ आली ती कोमट. बाहेर तीस अंशांच्या वर ऊन, बाटली काउंटरवर उभी, आणि ग्लास नुकताच धुऊन आलेला, अजून ऊबदार. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची असं जे सांगितलं जातं, ते युरोपातल्या दगडी घरांतल्या खोलीचं, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचं तापमान. नाशिकच्या फेब्रुवारीतल्या दुपारचं नाही. वाइन एवढी तापली की अल्कोहोलचा भपकारा पुढे येतो आणि फळाचा वास मागे राहतो. काळ्या मिऱ्याचा जो मंद वास शिराझची ओळख, तो शोधूनही सापडेना. उलट मामांची शिनन ब्लां इतकी थंड होती की तिला वासच नव्हता. टाकीपाशी एकेका अंशासाठी जीव टाकायचा आणि टेबलापाशी तोच माल असा सोडून द्यायचा, हे मला फार लागलं. ग्लास हातात धरून थोडा वेळ बसा, असं मी मामांना सांगितलं. हळूहळू वास उमलला, पेरूचा आणि थोडा मधाचा. मामांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, “बावीसच्या आसपास साखर धरून तोडलेली दिसती.” थॉमसन खायला सोळा-अठरा ब्रिक्स साखरेला तोडतात, वाइनला जास्त साखर भरू द्यावी लागते. ब्रिक्समीटर खिशात ठेवून ज्याने आयुष्य काढलं त्या माणसाने वाइनला दिलेली ही पहिली दाद होती, आणि त्या दुपारची सगळ्यात चांगली गोष्टही तीच.

मग जेवण आलं. रिसोटोचा गोळा झाला होता. तांदूळ बाहेरून लगदा आणि आत कच्चा. थाळीचं काय सांगू. पिठलं सुरी लावली तर वडी पडेल इतकं घट्ट, वरून साय धरलेलं. भाकरी सकाळी कधीतरी करून ठेवलेली आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली. ताटात आली तेव्हा मऊ होती, दोन घासांतच चामट झाली. ठेचा म्हणून जे होतं त्यात मेयोनीज होतं. वांग्याच्या भाजीला पंजाबी ग्रेव्ही. ताटातला कांदा लासलगावच्या बाजारपेठेपासून तासाभराच्या अंतरावर चिरून ठेवून ठेवून सुकलेला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ हातात धरला आणि ताटाच्या कडेला ठेवला. तक्रार त्यांनी केली नाही. ज्याच्या घरी शेजाऱ्याने पाणी जरी मागितलं तरी गूळ-शेंगदाणे पुढे येतात, त्या माणसाला दुसऱ्याच्या घरच्या अन्नाला नावं ठेवता येत नाहीत. बिल तीन हजारांच्या वर झालं. परतीच्या वाटेवर आम्ही दिंडोरी रोडला एका टपरीवर भजी खाल्ली.

एखाद्या हॉटेलात जेवण बिघडलं तर आपण पुन्हा जात नाही, विषय संपतो. इथे तो मला संपवता येत नाही, कारण वायनरी हे साधं हॉटेल नाही. शेतमालाचा हक्क सांगून उभा राहिलेला हा धंदा आहे.

महाराष्ट्रात वाइन आधीही होती. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांच्या इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात फेसाळ वाइन करून ती परदेशी पाठवली होती. पण आजचा नाशिकचा उद्योग उभा राहिला तो दोन गोष्टींमुळे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर आले आणि १९९९ मध्ये सुला वायनरी उभी राहिली. टेबलद्राक्षाच्या या जिल्ह्यात शिनन आणि सोव्हिन्यों ब्लां पिकू शकते हे तिथे सिद्ध झालं. दुसरी गोष्ट सरकारची. २००१ मध्ये राज्याने धोरण आणलं, त्याचं नावच ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. वाइनला दारूच्या रांगेतून काढून शेतमालाच्या प्रक्रियेत बसवलं. उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाइन पार्क काढले. परदेशी वाइनवर जबर आयात शुल्काची भिंत होतीच. पुढे दिंडोरी, इगतपुरी, निफाडमध्ये वायनऱ्या झाल्या. शांदोंसारखी फ्रेंच कंपनी दिंडोरीत येऊन फेसाळ वाइन करू लागली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही कारण तेच सांगितलं गेलं, शेतकऱ्याचा फायदा. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही, पण युक्तिवाद शेतकऱ्याच्याच नावाने झाला.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. वाइनमुळे द्राक्षाला दुसरी बाजारपेठ मिळाली, तरुण पोरांना नाशकातच रोजगार मिळाला, हे खरं आहे. पण सवलत शेतीच्या नावाने घ्यायची, बाटलीवर जिल्ह्याचं नाव लिहायचं, आणि पाहुणा प्रत्यक्ष दारात आल्यावर त्याच्या ताटातून जिल्हाच काढून टाकायचा, हे न्यायाचं नाही. भौगोलिक मानांकनाचा दावाच असा असतो की ही चव दुसरीकडे येणार नाही. तो दावा बाटलीपुरता राहून कसं चालेल?

‘आपलं जेवण तिखट, त्याच्याबरोबर वाइन जात नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. वायनरीतल्या लोकांनीही हे मला सांगितलं आहे. यात थोडं तथ्य आहे आणि बरीचशी सबब. तोंडातल्या ज्या नसांना मिरचीचा चटका कळतो, त्याच नसा अल्कोहोलनेही चेतवल्या जातात. म्हणून चौदा टक्के अल्कोहोलची वाइन झणझणीत रश्श्यावर प्यायली तर आग वाढते. लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंड कोरडं होतं, आणि कोरड्या तोंडाला तिखट जास्त झोंबतं. हे झालं तथ्य. पण गोडी आणि गारवा तिखटाला शमवतात हेही तितकंच खरं, आणि नाशिकची सगळ्यात मुबलक पांढरी वाइन कोणती, तर शिनन ब्लां, जी बऱ्याचदा किंचित गोडसर ठेवलेली असते. कमी टॅनिनची, नीट गार केलेली अशी वाइन तिखटापुढे हार मानत नाही. शिवाय आपलं सगळंच जेवण तिखट असतं हे कुणी ठरवलं?

फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही घरात काय शिजतं ते बघा. हिरव्या हरभऱ्याच्या सोलाण्याची आमटी. कोवळ्या मेथीचा नाहीतर कांदापातीचा घोळाणा: कच्ची भाजी, शेंगदाण्याचं कूट, तेल, मीठ, चिमूटभर तिखट. सोव्हिन्यों ब्लांमध्ये जो हिरव्या पानांचा, ओल्या गवताचा वास असतो तो या घोळाण्याशेजारी जसा खुलतो तसा कुठल्याही सीझर सॅलडशेजारी खुलत नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात, वर कच्चं तेल. काळ्या उडदाचं घुटं, लसणाची फोडणी दिलेलं आणि बाजरीच्या भाकरीबरोबर चुरून खायचं. त्याला गार केलेली शिराझ द्या. काळ्या मसाल्यात खोबरं, कांदा आणि खडे मसाले काळपट होईपर्यंत भाजलेले असतात. त्या भाजलेपणाचं लाकडी पिंपात मुरलेल्या लाल वाइनशी जुनं नातं असावं इतकं ते जुळतं. तिखट कमी आणि मसाला पूर्ण, असा गावठी कोंबडीचा रस्सा करता येतो, आमच्या आज्या आजारातून उठलेल्या माणसासाठी करायच्याच. कोथिंबीर वडी आणि फेसाळ वाइन: तळणीचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या द्राक्षाची गोड वाइन. हे सगळं मी चाखून लिहिते आहे, आणि यातलं एकही नाव त्या दुपारच्या मेनूत नव्हतं.

मग हे ताटात का येत नाही? वायनरीच्या स्वयंपाकघरात काही वर्षं काढलेल्या एका शेफशी मी सविस्तर बोलले. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. शनिवार-रविवारी दोनशे-तीनशे माणसं जेवतात, मंगळवारी वीससुद्धा नसतात. अशा ठिकाणी ताजा माल भरला तर मंगळवारी फेकावा लागतो. गोठवलेला पिझ्झा बेस आणि पाकिटातला सॉस टिकतो. गर्दीही एका चवीची नसते. मुंबई-पुण्याचे गट येतात, गुजरातेत दारूबंदी म्हणून सुरत-वापीकडची कुटुंबं येतात. त्यांत जैन असतात, लहान मुलं असतात, वाढदिवसाला आलेली कॉलेजची पोरं असतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणं सोपं झालं आहे. सगळ्यांना थोडं थोडं आवडेल असा मेनू करायला गेलं की तो असाच होतो. स्वयंपाकी हॉटेल मॅनेजमेंट शिकून बाहेरून आलेले असतात. त्यांना पिठल्याचा सैलपणा कुठे थांबवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. आणि शेवटी शेफनी भाकरीचा प्रश्न काढला. भाकरी एका वेळी एकच थापली जाते, तव्यावरून थेट ताटात गेली तरच भाकरी, दोनशे माणसांना ती द्यायची कशी?

बाकीच्या अडचणी मी समजू शकते. भाकरीची अडचण मला मान्य नाही, आणि याचा पुरावा शोधायला नाशिकच्या बाहेर जावं लागत नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोड, सोमेश्वर, मखमलाबाद या बाजूला कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी जाऊन उभं राहा. शेतात मांडव घातलेला, बाहेर गाड्यांची रांग, आत शेकड्यांनी माणसं. चुलीवर रस्सा उकळतो आहे, मटकी मोडाची, फरसाण ताजं, पापड, दही, जिलबी. पदार्थ मोजके, पण ते पक्के. मंगळवारी तिथेही गर्दी कमीच असते, तरी रस्सा शिळा मिळत नाही, कारण तिथल्या स्वयंपाकघराला आपण काय करतो हे माहीत आहे. भाकरीचं म्हणाल तर धुळे-जळगावच्या वाटेवरच्या ढाब्यांवर तीन-चार बायका चुलीपुढे बसून दुपारभर भाकऱ्या थापतात, आणि गिऱ्हाईक त्या चुलीकडे बघत बघत वाट पाहतं. हे कसब जिल्ह्यात गावोगाव आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याच्या बचत गटांतल्या बाया नागलीची भाकरी पातळ आणि गोल अशी थापतात की बघत राहावं. मेळाव्यांत, प्रदर्शनांत त्यांच्या स्टॉलपुढे रांगा लागतात. वायनरीच्या बागेत याच तालुक्यांतल्या बाया तोडणीला येतात. त्यांच्या हातची द्राक्षं टाकीत जातात. हातची भाकरी मात्र कुंपणाच्या आतल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

मला यात खर्चापेक्षा संकोच जास्त दिसतो. वाइन म्हणजे परदेशी, प्रतिष्ठेची, तिच्याशेजारी पिठलं-भाकरी ठेवली तर पाहुणा काय म्हणेल, ही भीती. मालकांची असते, कधी पाहुण्यांचीही असते. शेफ म्हणाले, एकदा त्यांनी शेंगोळ्यांचा छोटा वाडगा मेनूत घातला होता. मुंबईच्या पाहुण्यांनी तो मागवून मागवून खाल्ला. स्थानिक मंडळींनी मात्र नाक मुरडलं, ‘हे घरी खातोच की, इथं कशाला?’ पुढे मेनू बदलताना तो गेला. संकोच आपल्याच घरात आहे, आणि तो घालवायचं काम ज्यांच्याकडे पैसा, जागा आणि पाहुणे आहेत त्यांनीच केलं पाहिजे.

ज्या देशांकडून आपण वाइन शिकलो, त्यांना हा संकोच नाही. ऑस्ट्रियावर राज्य करणारा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये फर्मान काढून द्राक्ष पिकवणाऱ्यांना आपल्या दारात आपली वाइन विकायची मुभा दिली. त्यातून तिथे मळेवाल्यांच्या घरगुती खानावळी उभ्या राहिल्या. दारावर हिरवी डहाळी टांगली की समजायचं, यंदाची वाइन आणि घरचा ब्रेड, चीज, मांस तयार आहे. इटलीत शेतावरच्या पाहुणचाराचा स्वतंत्र कायदा आहे, आधी १९८५चा, मग २००६चा. शेतावर जेवण घालणाऱ्याने आपल्या शेतातला आणि परिसरातला माल ठरावीक प्रमाणात वापरला पाहिजे, प्रमाण किती ते प्रत्येक प्रांत ठरवतो. तोस्कानात मळ्यावर जेवायला बसलं की शिळ्या ब्रेडचं सूप आणि घेवड्याची उसळ समोर येते. ते गरिबांचंच जेवण होतं. कुणाला त्याची लाज वाटली नाही म्हणून जग तिथे जाऊन ते खातं.

आपल्याकडेही सप्टेंबर २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आहे. कृषी पर्यटन केंद्रांवर चुलीवरचं जेवण हीच मुख्य ओढ असते. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला जाणारी शहरी कुटुंबं बघा. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. खाली सतरंजी, वर झाड. तिथे वाढणाऱ्याने कुठला कोर्स केलेला नसतो, पण ज्वारी कुठल्या तुकड्यातली, कधी पेरली, यंदा पाऊस कसा झाला हे तो सांगतो, आणि खाणाऱ्याला ते ऐकायचं असतं. द्राक्षाच्या बाबतीत हे सगळं सांगायला वायनरीपेक्षा चांगली जागा कुठली? वायनरीला मी त्या केंद्रांच्या पंगतीत बसवते ते म्हणूनच. तिथे दाखवण्यासारखं, सांगण्यासारखं कितीतरी आहे. टाक्या दाखवतात, पिंपं दाखवतात, ग्लास कसा धरायचा तेही शिकवतात, आणि ते काम चांगलं करतात. जेवणाच्या टेबलापाशी येऊनच ही शिकवण का थांबावी?

माझं मागणं मोठं नाही. पिझ्झा काढून टाका असंही मी म्हणत नाही. मुलांना तो हवा असतो. हंगामाप्रमाणे बदलणारे पाच-सहा पदार्थ पुरेत: थंडीत भरीत, घुटं आणि घोळाणा, उन्हाळ्यात कैरीचं सार, पावसाळ्यात रानभाज्या आणि घोटी-इगतपुरीकडच्या इंद्रायणीचा मऊ भात. शनिवार-रविवारी बचत गटाच्या दोघीतिघी आणि एक चूल, लोकांना दिसेल अशी. चीजच्या ताटात घरची द्राक्षं आणि मनुका. लाल वाइनला काउंटरऐवजी गार कपाट. प्रत्येक पदार्थापुढे एक वाइन सुचवा, आणि ती का, हे मराठीत एका ओळीत लिहा. वाढणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा तरी तोडणीला पहाटे बागेत न्या. उत्तराखंडाहून आलेल्या त्या मुलाने मला विचारलं होतं की मामा इतकं सगळं कसं ओळखतात. मामांनी त्याला गच्चीच्या कठड्यापाशी नेलं आणि खालच्या क्रेटकडे बोट दाखवून घड कसा वाचायचा ते समजावलं. देठ हिरवा आहे का, मण्यावरची लव पुसली आहे का, शेंड्याचे मणी भरलेत का. तो मुलगा हातातला ट्रे विसरून ऐकत होता. अशी शिकवण देणारे म्हातारे बागाईतदार या जिल्ह्यात गावागणिक आहेत. त्यांना कुणी बोलवत नाही.

फळछाटण्या आटोपल्या की कोवळी नवी फूट येते. जानेवारीत तोडणी सुरू होते आणि नाशिकच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. जाणार असाल तर टेबलावर बसल्यावर विचारा: भाकरी आता थापून मिळेल का, भाजीतलं वांगं कुठलं, आज खाली कोणती द्राक्षं उतरली? शिराझ कोमट आली तर बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवून द्यायला सांगा. चांगली वायनरी यावर रागावणार नाही. आणि जिथे ताजी भाकरी मिळेल, तिथल्या शेफला टेबलापाशी बोलावून तसं सांगून या. पुढच्या वर्षीचा मेनू ठरताना मालकापुढे त्याला ते उपयोगी पडेल.